पिशवीसकट लावा

आप्पा, आज दुपारी ऑफिसात जे झालं ते सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाहीये, आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. तरी बसले लिहायला. राहून राहून हसू येतंय. नीट सांगायचं तर आपल्या नर्सरीतल्या त्या हिरव्या पिशव्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.

नव्वदीच्या मधली वर्षं ती. मखमलाबाद रस्त्यावरची आपली नर्सरी, मी कॉलेजात, सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकांना रोपं दाखवायला तुमच्याबरोबर. एक टाय लावलेला साहेब जीपमधून उतरला आणि त्यानं टेबलावर हिरव्या पिशव्यांचा गठ्ठा ठेवला. पिशवीवर पान छापलेलं, खाली मोठ्या अक्षरात 'निसर्गाची पिशवी, मातीत माती'. "रोप बाहेर काढायचीसुद्धा गरज नाही आप्पा, खड्ड्यात पिशवीसकट लावा. आपोआप विरघळते." तुम्ही पिशवी बोटांत चोळून पाहिलीत. "खरंच माती होती का साहेब?" "लॅबमध्ये सिद्ध झालंय." तुम्ही केवढे खूश झाला होतात. रोपांच्या जुन्या काळ्या प्लॅस्टिक पिशव्यांच्या चिंध्या वाऱ्यानं उडून पाटात अडकायच्या, त्या काढताना तुम्ही रोज वैतागायचात. त्या संध्याकाळी आईला म्हणालात, "आपल्या धंद्यानं लय प्लॅस्टिक केलं. आता सुटलो बघ." दुसऱ्याच दिवशी दारावर 'पिशवीसकट लावा' असा नवा बोर्ड लागला. नाशिकभर नवे बंगले उठत होते, आणि ज्याच्या त्याच्या कुंपणालगत आपलं झाड हिरव्या पिशवीसकट जमिनीत जात होतं.

मग पुढच्या वर्षी इंदिरानगरच्या त्या बाई आल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. भांडायला नव्हत्या आल्या. म्हणाल्या, "सोनचाफा मेला नाही हो, पण वाढतही नाही. मुलासारखं केलंय त्याचं. माझंच काही चुकतंय का?" तुम्ही लगेच लूना काढलीत, मला मागे बसवलंत. बाईंच्या अंगणात तुम्ही गुडघ्यावर बसून खुरप्यानं माती उकरताय, मी बादली धरून उभी, आणि पिशवी वर येते. जशीच्या तशी. चिखल पुसला तर पानही दिसतं आणि 'मातीत माती' हेसुद्धा स्वच्छ वाचता येतं. आत मुळं बाहेर पडायला वाट शोधत गोल गोल फिरलेली, एकमेकांना आवळून बसलेली. तुम्ही खुरपं खाली ठेवलंत. मग बाईंना म्हणालात, "तुमचं काय चुकलं नाय ताई. मी सांगितलं तसंच तुम्ही केलं." पिशवी कापलीत, मुळं हळूहळू मोकळी केलीत, चाफा पुन्हा लावलात.

घरी परतताना वाटलं, आता तुम्ही खचणार. पण तुम्ही बोर्ड उतरवलात, आणि दुसऱ्या दिवसापासून आपण दोघं घरोघरी. मला ते दिवस आठवले की अजून अंगात वारं शिरतं. तुम्ही बेल वाजवायचात, सरळ सांगायचात, "आमच्याकडून चुकीचं रोप गेलंय, झाड सोडवायला आलोय." एका गृहस्थांनी फाटकातच झापलं, एका घरी जेवायला बसवलं. पेरू, चिकू, कडुनिंब, एकामागून एक पिशव्या कापत गेलो. काही झाडं वाचली, काहींची मुळं कुजली होती. मी तेव्हा वीस वर्षांचीही नव्हते, आणि मला वाटत होतं की आपण शहरभर फिरून कैद्यांना सोडवतोय.

नेमकं त्याच सुमाराला कंपनीचं बोलावणं आलं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये विक्रेत्यांचा मेळावा, आणि तुमचा सत्कार, का तर जिल्ह्यात हिरव्या पिशव्या सर्वांत जास्त तुम्ही खपवल्या. आई म्हणाली, "जाऊच नका." तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलात आणि एक मेलेलं पेरूचं रोप पिशवीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून बरोबर घेतलंत, आणि मलाही. गळ्यात हार पडला, शाल पडली, टायवाल्या साहेबांनी माईक तुमच्या हातात दिला. तुम्ही गोणपाट सोडलंत. "ही तुमची पिशवी. वर्षभर जमिनीत होती. माती कुठं झालीय ती मला दाखवा." साहेब हसत पुढे आले, "आप्पा, ते खाली ठेवा, आपण नंतर बोलू." "नंतर कशाला? सगळे इथंच हायेत की." हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मग मागच्या रांगेतून सटाण्याचे एक नर्सरीवाले उभे राहिले. "मन्हं बी असंच शे," ते अहिराणीत म्हणाले, त्यांच्याकडेही हेच झालं होतं. आणखी एक उठला, मग आणखी एक.

कंपनीनं चूक कधीच कबूल केली नाही. आपल्याला माल देणं तेवढं बंद केलं. पण पुढच्या मोसमात सटाण्याच्या त्या काकांनी मुद्दाम नवी पिशवी आणून दाखवली. तिच्यावर पान होतं, मात्र 'पिशवीसकट लावा' हे वाक्य गेलं होतं. तुम्ही म्हणालात, "एवढं तर झालं." आणि काळ्या पिशव्या भरायला बसलात, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला पिशवी परत आणायला बजावून.

आता आजचं. मी कॉलेज रोडच्या एका जाहिरात कंपनीत वाक्यं लिहिते, हे तुम्हाला माहीत नाही. सध्या आमच्याकडे चहाच्या कागदी कपांचं काम आहे. कपवाल्या कंपनीला वाक्य हवं होतं, 'शंभर टक्के कागद, झाडांचा मित्र'. मी सकाळीच त्यांचे दोन कप पाण्यात भिजत टाकले होते. दुपारी त्या कंपनीचे लोक आले, माझे साहेब शेजारी. मी वाडगा टेबलावर ठेवला. कागदाचा लगदा बोटानं बाजूला केला तर आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा निघाला, अख्ख्या कपाच्या आकाराचा. तो उचलून मी त्यांच्यापुढे धरला. "याला काय म्हणायचं ते सांगा, तेच लिहिते." त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे सगळेच करतात." मी म्हटलं, "असतील. पण हे वाक्य मी लिहिणार नाही." त्यांच्यातल्या एका तरुण मुलीनं पुढे होऊन तो पापुद्रा हातात घेतला, उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि आपल्या साहेबांना विचारलं, "सर, मग आपण 'कागदी' असं तरी का म्हणतो?" त्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

ते गेल्यावर आमच्या साहेबांनी एवढंच सांगितलं, उद्या सकाळी केबिनमध्ये या. नोकरी राहील की जाईल, कल्पना नाही. हे पत्र कुठं टाकायचं तेही माहीत नाही. आई आत भाजी चिरतेय, दोनदा विचारून गेली, "आज एवढी खुशीत का?" तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.