प्रज्ञा कोणाची विद्यार्थिनी?

प्रिय मालू,

आयुष्यभर तुला ‘चि. मालूस’ असे लिहीत आले. आता ते विधान टिकत नाही. थोरल्या बहिणीच्या हक्काचा तो मायना मी मागे घेत आहे.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : प्रज्ञा माझी विद्यार्थिनी होती, तुझी नव्हती. काल महाविद्यालयात तुझी शोकसभा झाली. तीत प्रज्ञा बोलली आणि सगळे श्रेय तुला देऊन मोकळी झाली. मी पहिल्याच रांगेत बसले होते. तेव्हा लिहिणे भाग आहे.

वस्तुस्थिती अशी. रसायनशास्त्र आणि फौजदारी न्याय यांचा तो जोड अभ्यासक्रम आपण दोघींनी मिळून आखला. पुराव्याचा कायदा मी शिकवत असे, डाग रक्ताचा आहे का हे ओळखण्याची चाचणी तू. चाचणीत गुलाबी रंग दिसला तर तो केवळ संशय, सिद्धता नव्हे, हे मी पूर्ण तासभर समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी तू पिशवीतून मुळा काढलास, त्याच्या रसावर तीच चाचणी केलीस, आणि मुळ्यालाही गुलाबी रंग आला. ‘मुळ्याचा खून झाला’ म्हणत मुले आठवडाभर हसत होती. माझा तास कोणाला आठवत होता? सिद्धांत माझा होता, मालू. तुझा फक्त मुळा.

प्रज्ञा गंगापूरहून एसटीने यायची. बुद्धीने तल्लख, पण बोलताना अडखळणारी. तिच्या प्रत्येक विधानावर मी ‘कशावरून?’ असे विचारत असे. तू मला चिडवायचीस, “अक्का, पोरगी हाय ती, आरोपी नाय.”

तोंडी परीक्षेत ती गप्प राहिली. ‘उत्तर दिले नाही’ असा शेरा लिहून मी तिला नापास केले. पुन्हा एकदा विचारून बघ, असे तू विनवलेस. मी नियम दाखवला. पुढे एका रविवारी तुझ्या मुकुंदवाडीच्या घरी आले, तर ती तुझ्या ओट्याशी उभी. तू भाकरी थापत होतीस आणि माझीच प्रश्नपत्रिका तिला विचारत होतीस! तिने मला चहा करून दिला. साखर कुठल्या डब्यात आहे, हे तिला विचारावे लागले नाही. मला विचारावे लागले असते. त्या क्षणी मला जो मत्सर वाटला, त्याच्या समर्थनार्थ एकही युक्तिवाद आजवर सापडलेला नाही.

दोन महिने मी तुझ्याकडे फिरकले नाही. तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा मी कामात असल्याचे सांगितले. ते खोटे आहे, हे तुला कळत होते ना? मग एकदाही जाब का विचारला नाहीस?

प्रज्ञा आता प्रयोगशाळेत नमुने तपासते आणि न्यायालयात साक्ष देते. वकील ‘कशावरून?’ असे विचारतात तेव्हा आपण डगमगत नाही, कारण त्याची सवय मालती मॅडमनी लावली, असे ती काल म्हणाली. माझा शब्द, आणि तुझ्या नावावर? सभा संपताच मी तिला दारात गाठले आणि हा प्रश्न मूळ कोणाचा, असे स्पष्ट विचारले.

ती म्हणाली, “प्रश्न तुमचाच, मॅडम. पण तुम्ही विचारलं की लगेच पुढच्याकडं वळायचात. मालती मॅडम तव्यावरची भाकरी उलटायच्या, शेकायच्या, तोवर काही बोलायच्या नाहीत. तेवढ्यात मला सुचायचं.”

यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. मत्सर मात्र आहे. तो गेला असे लिहिले, तर ती खोटी साक्ष ठरेल. वर्गात तुझ्याहून अधिक वर्षे मी उभी राहिले. तरी ज्या आवाजात तिने काल तुझे नाव घेतले, त्या आवाजात माझे नाव कोणीही घेतलेले नाही.

पुढच्या महिन्यात तुझ्या जागी तोंडी परीक्षा घेण्यास मला बोलावले आहे. वचन देते : समोरचा विद्यार्थी बोलेपर्यंत मी दुसरा प्रश्न विचारणार नाही, शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहिला तरी.

आणि एक कबुली, माझ्या सहीनिशी. प्रज्ञाच्या कागदावरचा माझा शेरा चुकीचा होता. ती बोलू लागली होती. मी ते पाहिले होते.

तुझी अक्का,
सरोजिनी