रेडिओ कोणाच्या अंगणात होता

मेडशी, जि. अकोला
मार्च १९७८

प्रिय देवमन,

जय भीम. तू लिहिलेली जाहिरात इथवर पोचली. तुमच्या रेडिओच्या सेलच्या कंपनीचा माणूस एसटी स्टँडवर पोस्टर डकवून गेला आणि शाळा सुटल्यावर मी ते सगळ्यांदेखत उभी राहून वाचलं. ‘आठवतो तो दिवस? हॉकीचा विश्वचषक, आणि एका रेडिओभोवती जमलेलं सारं गाव!’ झकास जमलंय. त्या मॅचला तीनच वर्षं झाली, पण तू असं काही लिहिलंस की टपरीवरची माणसं गहिवरून सेल घ्यायला निघाली. माझा भाऊ आठवणी विकतो आणि चांगल्या विकतो, हे मी शाळेतल्या सगळ्या मास्तरांना ऐकवलं. त्यांची तोंडं बघायला तू हवा होतास.

चित्र मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. उंच दगडी ओटा, त्यावर फेटेवाले मालक, त्यांच्या मांडीशी रेडिओ, बाकीचे खाली जमिनीवर. अरे, हा ओटा तर गावातल्या बबनरावांचा. आणि त्या दुपारी बबनरावांचा रेडिओ मुका होता. सेल उतरले की आपण सगळेच ते उन्हात ठेवतो, पण बबनरावांना तेवढाही दम नव्हता. त्यांनी ते चुलीवरच्या तव्यावर शेकले. सेल फुटले, तवा काळा झाला, आणि त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी, पुढे आठवडाभर त्यांना त्यावरून बोलून घेतलं. बाबांचे सेल मात्र सकाळपासून घरावरच्या टिनावर तापत होते. म्हणून सारं गाव आपल्या वस्तीत आलं, आपल्या अंगणात बसलं. निंबावर चढून एरियलची तार तूच धरली होतीस, आणि आता तोच निंब तू चित्रात बबनरावांच्या ओट्यामागे लावलास.

आईने त्या दिवशी रांजण काठोकाठ भरला होता. मध्यंतर झालं तसे सगळे आपापल्या घरी पाणी प्यायला पळाले आणि पिऊन पळतच परत आले. आई रांजणापाशी नुसती उभी राहिली. मला हसू आलं होतं आणि रागही. पण आपण दोन-एकने जिंकलो, तेव्हा बबनरावांनी ‘जिकलो ना बे पुंजाजी’ म्हणत बाबांना कवेत घेतलं, हेही खरंच. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे लांबूनच गेले. बाबा अजून ती मिठी सांगतात, लांबून जाणं सांगत नाहीत. मी दोन्ही सांगते.

आता पत्राचं कारण. आपली भिंत अकोला रोडवरून दिसते, म्हणून कंपनीचा पेंटर काल तिच्यावर हेच चित्र काढायला आला. बाबा म्हणाले, ‘काढ बाप्पा, पन रेडिओ माह्या अंगनात काढ.’ तो म्हणाला, ‘चित्र बदलाले मुंबईच्या हापिसाची चिठ्ठी पायजे.’ म्हणजे तुझी. बाबांनी भिंतीला चुना देऊन ठेवलाय आणि मला म्हणतात, ‘देवमन इसरला असन, कामात हाय तो.’ बाबांना मी खरं सांगितलं नाही, पण तू विसरला नाहीस, तू लपवलंस. हापिसात ते अंगण कोणाचं हे सांगायला तुला जड गेलं असेल. मला ते कळतं आणि मला त्याचा राग येतो. तरी मला खात्री आहे, तू चिठ्ठी धाडशील. ती धाडायची नसेल तर सुट्टी घेऊन ये, त्या पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहा आणि बाबांना स्वतःच्या तोंडाने सांग की तू काहीच विसरला नव्हतास.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
अंजनाताई