शिमोनाच्या घरचा क्रूस

सालेमवाडी, जि. नाशिक
रविवार, २० फेब्रुवारी १९८३

प्रिय रूफस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम आणि आशीर्वाद. तुझं नाताळचं पत्र पोहोचलं. पाकिटावरचं हत्तीचं तिकीट तुझ्या आईने माझ्याकडून काढून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. मोंबासात तुझ्या दारापर्यंत हत्ती येतात का, असं तिने विचारायला सांगितलं आहे. मी म्हटलं, शहर आहे ते, हत्ती कसा येईल? तर म्हणाली, तुम्ही लिहा तर खरं.

इथली थंडी ओसरली. ओहळाला पाणी थोडंच राहिलं आहे. नागली यंदा बरी पिकली. हल्ली भाकरी मीच थापतो. तुझ्या आईसारखी गोल काही होत नाही, कुठून तरी फाटा फुटतोच. परवा ताटातल्या भाकरीकडे बघून ती म्हणाली, "आज आफ्रिका झाली बघा. पोरगं इथंच कुठं तरी आसंल." आणि तिने एका कडेला बोट टेकवलं. मग फार खाल्लं नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. तू लिहिलंस की तिथल्या देवळात पहिल्या रविवारी गेलास तेव्हा कुणी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदा असं झालं म्हणून तुला रडू आलं. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. पुढे लिहिलंस की उपासना संपल्यावर एका म्हातारीने तुझी विचारपूस केली, तू दोन शब्द बोललास आणि सगळे हसून तुला हिंदी माणूस म्हणू लागले. आता तेच नाव पडलं आहे. गुडघे टेकले की प्रार्थना मराठीतच येते, असंही लिहिलंस. पणजोबांना इथे शेवटपर्यंत हबशी म्हणाले आणि तुला तिथे हिंदी. ही वाट लांबलचक आहे, बाळा, आणि आपलं घर तिच्या मधेच कुठे तरी आहे.

माझ्या पणजोबांची गोष्ट तू लहानपणी ऐकली आहेस, पण तेव्हा तुझं लक्ष गोफणीत असायचं. त्यांना लहान मूल असताना गावातून पकडून नेलं होतं. गुलामांच्या गलबतावरून इंग्रजांच्या जहाजाने त्यांना सोडवलं, मुंबईला आणलं आणि तिथून नाशिकच्या मिशनात. तिथे बाप्तिस्मा झाला आणि हातात रंधा आला. पुढे एका पाद्रीसाहेबाबरोबर देऊळ बांधायला या वाडीत आले आणि इथलेच झाले. आईचं नाव ते विसरले होते, बोलीही विसरले होते. एकच सवय राहिली होती. लाकडाला करवत लावण्याआधी त्यावर तळहात ठेवून क्षणभर उभे राहायचे. कुणी शिकवलं, हे त्यांना सांगता यायचं नाही. आजोबा तसं करायचे, वडीलही करायचे. मीही करतो.

देवळातला सागाचा क्रूस त्यांनीच केला. दीड पुरुष उंच, एकट्याला पुरता उचलवत नाही, शेवट जमिनीवर ओढत न्यावा लागतो असा. उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, विहिरीपासून टेकडीपर्यंत मंडळी तो घेऊन चालायची. येशू झालेला मुलगा चिंचेपाशी पडला की शिपाई गर्दीतून शिमोन कुरेनेकराला ओढून आणायचे आणि क्रूस त्याच्या खांद्यावर द्यायचे. शिमोन आफ्रिकेतला, म्हणून पहिल्या वर्षी साहेबाने पणजोबांना उभं केलं, आणि तेव्हापासून तो आपल्या घरचा मान झाला. मी सतरा-अठराचा असताना वडिलांकडून माझ्याकडे आला. मला तो खरोखर मान वाटायचा, रूफस. शिष्य पळून गेले होते, आणि आपल्या रंगाचा एक माणूस प्रभूच्या एवढा जवळ होता की त्याचा घाम याच्या अंगाला लागला असेल. तुझं नावही मी शिमोनाच्या मुलावरून ठेवलं. मार्काने त्याच्या दोन्ही मुलांची नावं लिहून ठेवली आहेत. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन त्याने पोरांना काही तरी सांगितलं असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

तू घर सोडलंस त्या वर्षीची, क्रूसयात्रेच्या तयारीची देवळातली बैठक तुझ्या डोळ्यांपुढून गेली नसेल. तू कॉलेजातून आला होतास. तू उठून म्हणालास, यंदा मी येशू होतो. मीही म्हटलं, होऊ द्या, पोराचा आवाज चांगला आहे, अख्खा उतारा पाठ आहे. तुझे यादवकाका पंच म्हणून पुढे बसले होते. ते प्रेमानेच म्हणाले, "आरं बाबा, शिमोन तुमच्या घरचा. घरचा मान सोडून कुठं निघालास?" आणि मागून कोणी तरी बोललं, "काळा येशू बघून पोरं भेदरतील ना!" सगळं देऊळ हसलं. कोकणा पाड्यातले हसले, महारवाड्यातून आलेले हसले, आपले पूर्वज भटाचे होते म्हणणारं ते एक घर आहे, तेही हसलं. एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी ही माणसं सोयरीक करताना मात्र एकमेकांचं मूळ विचारतात. त्या दिवशी हसायला सगळे एक झाले.

घरी आल्यावर तू जे बोललास ते मी विसरलो नाही. तू म्हणालास, "बाबा, शिमोन आपण होऊन गेला नव्हता. त्याला वेठीस धरलं होतं. तुमच्या पणजोबांना धरलं तसंच. शंभर वर्षं आपण या देवळात आहोत आणि अजून आपण रस्त्याने चाललेला परका माणूसच." मी तुला शास्त्रातून उत्तरं देत बसलो. आई चुलीपाशी भाकरी थापत राहिली. पावसाळ्याआधी तू मुंबईला गेलास आणि तिथून बोटीवर नोकरीला.

त्यानंतर दर वर्षी क्रूस मीच उचलला. येशू यादवकाकांचा चंदर व्हायचा. तुझा सोबती चंदर. चिंचेपाशी तो पडायचा, मी वाकून क्रूस खांद्यावर घ्यायचो, आणि केसांचा टोप सावरत तो पुटपुटायचा, "शलमोनकाका, रूफचं पत्र आलं का?" भोवती बायका रडत असायच्या. मी मान हलवून नाही म्हणायचो. एका वर्षी म्हटलं, आलं, बोट सोडून मोंबासाला उतरला. तर येशूच्या तोंडावर हसू आलं आणि शिपाई झालेल्या पोराने त्याला खरोखरच चाबूक मारला.

आता चंदर सातपूरच्या कारखान्यात लागला. बाकीची पोरंही तिकडेच. यंदा येशू व्हायला कोणी नाही, शिपाई व्हायलाही नाही, म्हणून मंडळीने यात्रा बंद केली. मागच्या आठवड्यात यादवकाका क्रूस बैलगाडीत घालून घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, तुमच्या घरची वस्तू, तुमच्या घरी बरी." दोघांनी मिळून तो परसातल्या छपरात ठेवला. मग ते आत गेले, तुझ्या आईच्या खाटेपाशी टोपी काढून बराच वेळ उभे राहिले. जाताना दारात म्हणाले, "पोराला लिहिता ना? माझाही सलाम लिहा." आणखी काही बोलायचं होतं, असं वाटलं. पण गाडीकडे वळले. म्हणून सलाम तेवढा कळवतो.

तुझ्या आईचं लग्न ठरलं तेव्हा सुरगाण्याकडच्या तिच्या नातलगांनी तिला फार भ्या घातलं होतं, पोरं हबशासारखी होतील म्हणून. तर ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आम्ही नागलीच्या भाकरीवर वाढलो, काळ्याचं भ्या कुणाला?" तू झालास तेव्हा तुझ्या केसांतून बोटं फिरवत बसायची. तुझ्या केसांत तिची फणी मोडली, तर ते तुकडे तिने अजून ट्रंकेत ठेवले आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. एवढी पानं त्याच्याच भोवती फिरलो. तुझी आई आता खाटेवरून उठत नाही. पोटात गाठ आहे. नाशिकला नेलं होतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि घरीच ठेवा म्हणून सांगितलं. तुला कळवू नका, परमुलखात एकटा आहे, असं ती म्हणत होती, म्हणून आजवर कळवलं नाही. क्रूस घरी आला त्या रात्री मात्र तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "त्याच्या फळ्या पाडा आणि मला पुराया पेटी करा." मी म्हटलं, सरू, तो रूफसचा आहे, माझ्यानंतर त्याच्याकडे जायचा. तर हसली. म्हणाली, "म्हणून तर. क्रूस उचलाया नाय येणार तो. आयला उचलाया येईल की."

सागाचं लाकूड आहे, चिरलं तर झाकणाला आणि बाजूंना पुरेल, तळाला आंब्याची फळी लावीन. करवतीला धार केली आहे. रोज छपरात जातो, लाकडावर तळहात ठेवतो आणि परत येतो. वस्तू तुझी आहे. तू हो म्हटल्याशिवाय करवत लावणार नाही. आणि येता आलं तर ये. शिमोनाला रस्त्यातून वेठीस धरलं होतं. मी तुला धरत नाही. मी विचारतो आहे, बाळा. एका बाजूला मी असेन. तुझी बाजू मी मोकळी ठेवली आहे.

दोन ओळी तरी लगेच टाक. हत्तीचंही लिही, ती विचारते.

दाराशी उभा,
तुझाच
बाबा