वहीतला भोंगा

॥ श्री ॥
कसबा बावडा, कोल्हापूर
दि. ४ जुलै २०२५

ती. संयोगिता आत्तीस,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाच्या यंत्राला फोनवर माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. मागं मी नव्या टेबलाबद्दल सांगत होते आणि तू मला काकडीच्या कोशिंबिरीत कूट कधी घालायचं ते समजावत बसलीस. त्यापेक्षा कागद बरा.

तर ऐक. जिल्ह्याच्या समावेशित शिक्षणाची समन्वयक म्हणून मला महिना झाला. ज्या पोरांचं नाव शाळेच्या पटावर असतं पण अंगानं जी अंथरुणालाच खिळलेली असतात, त्या सगळ्यांची काळजी आता माझ्या डोक्यावर. आणि त्यांच्या घरी जाऊन शिकवणारी आजरा तालुक्याची विशेष शिक्षिका, म्हणजे तू, माझ्या हाताखाली! आता मी आले की उठून उभी राहत जा.

पुण्याहून दर महिन्याला सगळ्या जिल्ह्यांची ऑनलाइन बैठक असते. नवीन ॲप आलंय, त्यात प्रत्येक पोराची गृहभेटीची कागदी वही उतरवायची आहे, म्हणून वह्यांच्या प्रती माझ्याकडं आल्यात. पाच ऑगस्टला प्रत्येक जिल्ह्यानं एका मुलाची प्रगती सगळ्यांसमोर मांडायची. मी तुझी सौंदर्या निवडली. काय सुंदर लिहितेस गं! दूध पिताना बाईंचा अंगठा धरते. चक्कीचा पट्टा फिरायला लागला की हसते. भोंगा झाला की मान उजवीकडं वळवते. हे शेवटचं मी तीनदा वाचलं आणि अंगावर काटा आला. का, ते कळलं नाही.

तेव्हापासून एक विचित्र होतंय. संध्याकाळी खालची पिठाची चक्की सुरू झाली की माझी मान आपोआप फ्रिजच्या कोपऱ्याकडं वळते. तिथं काहीच नसतं.

सतरा तारखेच्या गुरुवारी तुझ्याबरोबर सौंदर्याकडं येते. थोडा व्हिडिओ काढू. तब्येत जप, आणि साहेबीण झाले म्हणून लोभ आटवू नकोस.

तुझी,
अनुजा

*

॥ श्री ॥
आजरा
दि. ९ जुलै २०२५

चि. अनुजास,
आत्तीचे अ. उ. आ.

पत्र पावलं. साहेबीण झालीस तरी पाठीत धपाटा घालायचा हक्क माझाच हाय, ध्यानात ठेव. मी बोलते तसंच लिवते, तुझ्या ऑफिसची भाषा मला वहीपुरती पुरे.

सौंदर्याचं नको. वाडीची वाट घसरडी झालीया, ओढ्याला पाणी हाय, तुझी ती स्कूटर अर्ध्यात रुतंल. तिची आई शांतादेवी काजूच्या कारखान्यात सोलायला जाती, तिला सुट्टी गावत न्हाय. बाप शिवय्या माणसाला बुजतो. आणि व्हिडिओ तर अजिबात नको. पोरगी काय प्रदर्शनातली हाय व्हय?

त्यापेक्षा आमचा प्रभुलिंग घे. गेल्या साली बसता येत न्हवतं, आता खुर्चीत बसून शाळेत जातोय आणि पोरांच्या खोड्या काढतोय. मास्तर मलाच बोल लावत्यात की बाई, तुम्ही याला फारच सुधारलंसा. बैठकीला असलंच पोरगं शोभतं.

फ्रिजच्या कोपऱ्याकडं बघू नगंस. फ्रिज हलवून दुसरीकडं ठेव. पोटाला येळेवर खात जा. माया हाय तशीच हाय, ती काय टेबल बघून कमी-जास्त होत न्हाय.

आत्ती

*

॥ श्री ॥
कसबा बावडा
दि. १९ जुलै २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

मी गेले होते. तुला न सांगता, सोळाला, बुधवारी. ओढ्याला घोटाभर पाणी होतं.

शांतादेवी घरीच होती. जिल्ह्याच्या ऑफिसातून आलेय म्हटल्यावर तिनं पाणी दिलं आणि भिंतीकडं बघितलं. भिंतीवर सौंदर्याचा फोटो होता, त्याला हार होता. हारसुद्धा नवा नव्हता आत्ती, धूळ बसलेला होता. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात तापानं गेली म्हणाली. कोपऱ्यात गुंडाळलेली चटई उभी होती. ती कशाला, विचारलं, तर म्हणाली, उद्या गुरुवार, बाई येतील ना.

मी परत कशी आले ते मला आठवत नाही. पंधरा महिने! पंधरा महिने तू एका मेलेल्या पोरीची प्रगती लिहीत होतीस, आणि मी शहाणी ती सगळ्या राज्यापुढं मिरवायला निघाले होते. मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू.

रात्र सरल्यावर वही पुन्हा काढली. पाडव्याच्या आधीच्या नोंदी रुक्ष आहेत. मान धरत नाही, आवाजाला प्रतिसाद नाही. प्रतिसाद सुरू होतो तो पाडव्यानंतर. आणि मग भोंगा. शांतादेवीला मी विचारलं होतं, काजूच्या कारखान्यात नुसती घंटा असते. भोंगा आपल्या बावड्याच्या साखर कारखान्याचा. चक्की आपल्या घराखालची. अंगठा धरल्याशिवाय दूध न पिणारी, आत्ती, आपली मोना होती. माझी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि आता फ्रिज आहे तिथं तिची बाज होती.

तू वहीत मोनाला लिहीत होतीस. मला हुंदका फुटला आणि भीतीही वाटली. ॲप रोज सकाळी मला निरोप पाठवतं की सौंदर्याची या आठवड्याची प्रगती भरा. तो निरोप आला की वाटतं, कोणीतरी दाराशी उभं आहे आणि मी नाव विचारत नाही.

तुझा करार ऑगस्टअखेर संपतो. पुढं मिळणार की नाही ते माझ्या टिपणीवर आहे. मला सांग, का केलंस हे? मी काय लिहू?

रागात आहे, पण तुझीच,
अनुजा

*

॥ श्री ॥
आजरा
दि. २४ जुलै २०२५, गुरुवार

चि. अनुजास,
अ. उ. आ.

आत्ताच वाडीवरनं आलेय. पाय धुतलं आणि लिवाय बसले.

तुला नियम ठाऊक हाय, नोंद लिवली की पालकाला वाचून दाखवायची आणि सही न्हायतर अंगठा घ्यायचा. पोरगी गेल्यावर पुढच्या गुरुवारी मी नाव कमी करायच्या कागदावर अंगठा घ्यायला गेलते. देवाशप्पथ, त्याच्यासाठीच गेलते. तर शांतादेवीनं चटई अंथरलेली. मोकळ्या चटईसमोर बसून मला म्हणाली, बाई, आज काय लिवणार?

माझ्यानं तो कागद पिशवीतनं निघंना. काय लिवणार? सौंदर्याचं तर काय उरलंच न्हवतं. पेन टेकवलं आणि हातातनं मोना आली. दुधाचं लिवलं, वाचून दाखवलं. तिनं डोळं मिटून ऐकलं आणि अंगठा उठवला. काजूच्या चिकानं तिची बोटं काळी पडल्यात, रेघासुद्धा दिसत न्हाईत. मला वाटलं, हे एकदाच. मग पुढचा गुरुवार आला. शिवय्या तेवढ्या वेळापुरता घराबाहेर जाऊन बसायचा, आम्हांला काय बोलला न्हाय.

आता मोनाचं. तू लहान होतीस. सासर सोडून मी तुमच्याकडं आलते तवा वैनी कामाला जायची आणि मोना माझ्याजवळ. सहा वर्षांची झाली तशी मी तिला कडेवर घेऊन शाळेत गेले, नाव घाला म्हणून. हेडमास्तर वाईट माणूस न्हवता. पण म्हणाला, बाई, हिचं नाव कुठल्या वहीत घालू? तशीच माघारी आणली. वाटंत भोंगा झाला आणि तिनं मान वळवली, त्याला दाखवायचं राहून गेलं. तीन वर्सांनी ती गेली. तिचं नाव कुठंच न्हाय अनुजा. एका वहीत न्हाय. म्हणून तर मी ही नोकरी धरली. तिशी उलटल्यावर शिकले आणि धरली.

चुकलं ते चुकलं. सरकारी वहीत खोटं लिवलं. माझ्यापायी तू खोटी सही करू नगंस, तसं केलंस तर पुन्हा तोंड दावणार न्हाय. फक्त शांतादेवीवर बालंट येऊ देऊ नगंस. तिनं मला काय लिवाय सांगितलं न्हवतं, नुसतं इचारलं.

लोभ ठेव म्हणायला तोंड न्हाय. तरी ठेव.

आत्ती

*

॥ श्री ॥
कसबा बावडा
दि. ८ ऑगस्ट २०२५

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

पाचची बैठक झाली. प्रभुलिंगचं मांडायचं ठरवलं होतं, त्याचा खुर्चीतला फोटोही लावला होता. आमची पाळी आली आणि मी तो काढला.

सांगितलं की कोल्हापूरच्या सहासष्ट नोंदी खोट्या आहेत, मूल गेल्या वर्षीच वारलंय, आणि नोंदी करणारी शिक्षिका माझी सख्खी आत्या आहे, म्हणून निर्णय माझ्याकडं नको. आणि हेही विचारलं, की मूल गेल्यावर नाव कमी करायचा कागद तुम्ही देता, पण चार-पाच वर्षं ज्या घरी दर आठवड्याला गेलो त्या घरात त्यानंतर कोणी जायचं की नाही, ते एकाही परिपत्रकात का नाही?

राज्याच्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एका जिल्ह्याच्या समन्वयकानं माइक सुरू केला आणि खाली बघत म्हणाले, आमच्याकडं असं एक नाव आहे. मग दुसऱ्या चौकोनातून एक बाई म्हणाल्या, आमच्याकडं दोन. मग आणखी एक. आत्ती, पडदाभर माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या मागं कोणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं.

मॅडमनी शेवटी एवढंच सांगितलं की मूल गेल्यावर तीन भेटी देता येतील असं कलम त्या पुढं पाठवतात. होईल तेव्हा होईल. तुझा करार चौकशी होईपर्यंत थांबलाय. मलाही खुलासा मागितलाय, तो मी देईन.

नोंदी मात्र मला रद्द कराव्या लागल्या. तुझी मूळ वही मागवून, लाल पेनानं, एकेक. दुधाची केली, चक्कीची केली. भोंग्याच्या नोंदीपाशी हात थांबला. मी मोठ्यानं मोनाची माफी मागितली, आणि मारली रेघ. ॲपमधून नाव गेलं. आता सकाळी निरोप येत नाही, आणि मी फोन हातात धरून बसते.

मला माफ कर. बोलणं टाकू नकोस, माझं तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझीच,
अनुजा

*

॥ श्री ॥
आजरा
दि. १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

चि. अनुजास,
अ. उ. आ.

माफी कसली मागतीस येडे? तू केलंस तेच बरोबर. मला तुझा अभिमान वाटतोय, आणि रडूबी येतंय, दोन्ही एकदम.

आज वाडीवर गेलते. नोकरी थांबली तरी गुरुवार काय थांबत न्हाय. संगं वही न्हवती, पिशवी न्हवती. वाटंवर हात कुठं ठेवावं कळंना. मनाशी ठरवलं होतं की शांतादेवीचं पाय धरायचं आणि खरं सांगायचं, की बाई, मी वाचत होते ते तुझ्या पोरीचं न्हवतं.

तिनं मला बोलूच दिलं न्हाय. म्हणाली, मला पयल्या दिवसापासनं ठाऊक हाय. माझी सौंदर्या कधी हसली न्हाय आणि तिनं कुणाचा अंगठाबी धरला न्हाय, आईला कळत न्हाय व्हय? ते तुमचं कुणीतरी होतं. तुम्ही वाचताना रडत होता, म्हणून मी अंगठा देत होते.

मग तिनं चटई अंथरली, मला बसवलं, शिवय्यालाबी आत बोलावलं. म्हणाली, आता वही न्हाय तर बरंच झालं. तुमच्या पोरीचं नाव काय, ते सांगा.

सांगितलं.

तुझी,
आत्ती