बाबल्या, तुझा खुनी निर्दोष सुटला

प्रिय बाबल्या,

तुझ्या खुनासाठी चौदा वर्षं तुरुंगात बसलेला तुझा शेजारी पुरसो हे पत्र लिहितोय. दचकू नकोस. वरच्या कोर्टाने सोडलंय मला, निर्दोष म्हणून. महिना झाला गावात येऊन. पण काल शेवंतीवहिनी, तुझी बायको, मधलं वईचं कुंपण ओलांडून आमच्याकडे आली आणि असं काही बोलली, की ते जिवंत माणसाजवळ बोलायची सोय नाही. राहिलास तू!

आधी आपलं जुनं भांडण. वईवरचा तो फणस माझ्या आज्याने लावला, हे तुला ठाऊक होतं की नाही? आता तरी खरं सांग! बुंधा माझ्याकडे म्हणून झाड माझं, फांद्या तुझ्याकडे म्हणून फळं तुझी. हा कायदा तू कुठे शिकलास? चौथीपर्यंत आपण एकाच बाकावर होतो, तिथे तर शिकवला नव्हता.

शेवटी वैतागून मी गावच्या सीमेवरच्या राखणदार देवाला कोंबडा कापून दिला. कुणाला न सांगता, भर दुपारी. गाऱ्हाणं घातलं, ‘होय म्हाराजा, माझ्या पणसाक जो कोण हात लायत, तेचे पाय मोडांदेत.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच फणसाखाली! पाय मोडलेले, डोकं फुटलेलं. अरे, मी पाय म्हटलं होतं रे! डोक्याचं मी काहीच बोललो नव्हतो.

मी तिथेच ऊर बडवत बसलो. ‘मियाच मारलंय तेका!’ अख्ख्या वाडीने ऐकलं. पोलिसांना घरात कोयता मिळाला, न धुतलेला, रक्ताचा. आपलं भांडण तर पंचायतीपर्यंत गेलेलंच होतं. त्यांना आणखी काय हवं?

तू म्हणशील, कोंबड्याचं रक्त म्हणून सांगायचं होतंस. कसं सांगू? सुपारी दिली मी, काम केलं राखणदाराने. उद्या त्याच्या नावाने समन्स निघालं तर गाव कुणी राखायचा? वकील विचारून विचारून थकला, मी गप्प. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला शिक्षा बरोबरच वाटत होती. तुरुंगात मला मोठा मान होता. बराकीत गुन्हा कबूल असलेला मी एकटाच, बाकी सगळे निर्दोष!

आई गेली तेव्हा मात्र मान-बिन सगळं विसरलो. पोलिसांच्या पहाऱ्यात तिला अग्नी दिला आणि परत गाडीत बसलो. त्या दिवशी तुझ्यावर इतका चिडलो! मरायला तुला दुसरं झाड मिळालं नाही?

मग फुकट खटले लढवणाऱ्या एक तरुण वकीलबाई तुरुंगात आल्या. का कोण जाणे, त्यांना मी सगळं सांगून टाकलं. त्या हसत सुटल्या. मग त्यांनी फाईल उघडली आणि त्यांचं हसू गेलं. कोयत्यावरचं रक्त माणसाचं नाही, हा कागद त्यात पहिल्यापासून होता. जखमा उंचावरून पडल्याच्या, पोटात दारू, असंही डॉक्टरने लिहून ठेवलेलं. कुणी पानच उलटलं नव्हतं! म्हणजे काजूचा उराक ढोसून तू माझा फणस चोरायला चढलास आणि घसरलास. गाढवा!

मी सुटलो, गावाने हार घातला. वहिनी मात्र मला बघितलं की दार लावून घ्यायची. जगाने निर्दोष म्हटलं तरी ती म्हणत नाही तोवर मला घास गिळवत नव्हता.

काल आली. बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, ‘भावजी, ह्यांका तुमी नाय मारल्यात. मिया मारलंय.’

तिनेही त्याच आठवड्यात त्याच राखणदाराकडे गाऱ्हाणं घातलं होतं, बाबल्या! ‘कायय कर, पण ह्यांचो सोरो सुटांदे.’ आणि तुझी दारू कायमची सुटली. आपल्या पापाची शिक्षा मी भोगतोय म्हणून तिला माझं तोंड बघवत नव्हतं.

पहिल्यांदा संताप आला मला. चौदा वर्षं, वहिनी? एक शब्द नाही? मग एकदम मला हसूच फुटलं. त्या बिचाऱ्या राखणदाराने ऐकायचं तरी कुणाकुणाचं? मी हसतोय बघून ती रडायला लागली. मला निदान वकील मिळाली रे, तिला कोण होतं?

मी निकालाचा कागद काढला आणि ‘उंचावरून पडल्याने’ हे तिला तीनदा वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. डोळे पुसले. म्हणाली, ‘कोर्टाक काय कळता?’

तेव्हा बाबल्या, तुला शब्द देतो. रोज सकाळी तुझ्या पडवीत जाऊन मी तो कागद तिला वाचून दाखवणार. कोर्टाने मला एकदाच सोडलं, तिला मी रोज सोडणार. पटेपर्यंत. त्याला आणखी चौदा वर्षं लागली तरी चालतील, मला बसायची सवय आहे.

तुला न मारलेला,
पुरसो