लाईन गुंतली आहे

देवास,
ता. ११ जुलै १९५५

चि. इंदू हिस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे मी व आई खुशाल. आईचे गुडघे पावसाने धरले आहेत, बाकी ठीक.

तुझं पत्र शनिवारी पावलं. जवळजवळ दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आईने पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि वाचायला मलाच परत दिलं. सारं मिळून सहा ओळी. तू परीक्षा पास झालीस, धारच्या एक्स्चेंजमध्ये लागलीस, आठ दिवस शिकवून आता तुला एकटीला बोर्डावर बसवलं आहे, आणि मला जे काही येतं ते लिहून पाठवावं. ‘अक्का’ असं कुठे लिहिलेलं नाही. असो. विचारलंस, हेच पुष्कळ आहे.

मी संस्थानच्या काळात थोरल्या पातीच्या दरबारी एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा मला शिकवायला कुणी नव्हतं. नऊ वर्षांत जे हाताला कळलं ते लिहिते.

सकाळी बसल्याबसल्या प्रत्येक दोरी प्लगपाशी जरा वाकवून कानाला ऐक. खरखर आली तर ती आतून तुटत चालली आहे. तिला चिंधी बांधू नको, मेकॅनिकला दे. तोवर तिच्यावर गावातले कॉल लाव, ट्रंक लावू नको. आणि दोरी काढताना प्लगला धरून काढ. नव्या मुली दोरीला धरून ओढतात आणि महिन्यात बोर्डाची वाट लावतात.

आता पावसाळा आहे. दमट हवेने बोर्डावरच्या नंबरांच्या झडपा बिजागरीत अडकतात. गिऱ्हाईक तिकडे हॅण्डल फिरवून दमतं आणि तुझ्या समोर नंबर पडतच नाही. दर अर्ध्या तासाने बोटाच्या पाठीने सगळ्या झडपांवर हलकेच टिचकी मारत जा.

आपल्याकडे कुणी नंबर सांगत नाही. “बेन, जरा अस्पताल लगा दो”, “मंडी में लगाओ” असंच सांगतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ जातो. नावांची यादी करून बोर्डाखाली चिकटव. इंदूरहून ट्रंक आला की मात्र आकडे सुटे करून घे, पाँच-नौ, छह-नौ असे. उनसठ आणि उनहत्तरच्या घोटाळ्यात मी पहिल्या वर्षी रोज बोलणी खाल्ली.

बोलणं संपल्यावर पुष्कळ लोक हॅण्डल फिरवत नाहीत, तसेच ठेवून देतात. दोरी काढण्याआधी ऐकायची चावी टाकून क्षणभर ऐक. शांत असेल तर काढ. ऐकत बसायचं मात्र नाही. गावातलं अर्धं गुपित आपल्या कानावरून जातं, ते तिथेच राहायला हवं.

आणि एक. कितीही गर्दी असो, दोऱ्यांची एक जोडी नेहमी मोकळी ठेव. घाईचा कॉल कधी येईल सांगता येत नाही. समोरची लाईनच गुंतलेली असली तर काय करायचं, ते तुमच्या सुपरवायझरांनी शिकवलं असेलच.

तुमच्या टोंकखुर्दचे पोस्टमास्तर उमाशंकरजी यांची बदली धारच्या पोस्टात झाली असं कानावर आलं. एक्स्चेंज त्याच इमारतीत आहे ना? माणूस चांगला आहे, पण बोलका फार. कामाच्या वेळी त्यांच्याशी बोलत बसू नकोस. बोर्डावरचं लक्ष उडतं.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. जेवणाचा डबा रोज नेत जा, बोर्डावर उपाशी बसलं की आकडे चुकतात.

तुझी,
अक्का


देवास,
ता. २ ऑगस्ट १९५५

चि. इंदू हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. टिचकीचा उपयोग झाला, यादी केलीस, दोन दोऱ्या बदलून घेतल्यास, हे वाचून बरं वाटलं. तुमचा मेकॅनिक कुरकुरतो म्हणतेस, तर दोरीचा नंबर आणि तारीख वहीत लिहून त्याची सही घेत जा. सहीपुढे कुरकुर चालत नाही.

पत्राच्या शेवटी तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर देते. तुमच्या सुपरवायझरांनी सांगितलं ते बरोबर आहे. डॉक्टर, आग आणि पोलीस, या तिघांसाठी चालू बोलणं तोडता येतं. चावी टाकून “घाईचा कॉल आहे, लाईन सोडा” असं सांगायचं आणि प्लग काढायचा. आमच्याकडेही तोच नियम आहे.

पण त्या दिवशी तसा प्रश्न नव्हता. त्या दिवशी टोंकखुर्दची लाईन खराब होती. भादव्याचा पाऊस, तारेवर फांदी पडली असेल, नाहीतर खांब कलला असेल. कॉलच्या तिकिटावर तसं लिहिलेलं आहे. उमाशंकरजींना दोन वर्षांपूर्वीचं काय आठवणार? त्यांच्या पोस्टात दिवसाला शंभर माणसं यायची.

बोर्डाचं काही विचारायचं असेल ते जरूर विचार. त्या दिवसाचं आता नको, इंदू. तुलाही त्रास आणि आईलाही.

आईने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलं आहे. कुणी धारला जाणारं भेटलं की पाठवते.

तुझी,
अक्का


देवास,
ता. २१ ऑगस्ट १९५५

इंदू,

तुझं पत्र मिळून नऊ दिवस झाले. उत्तर दोनदा लिहून फाडलं. आज रविवार आहे, आई टेकडीवर देवीला गेली आहे, बरोबर शेजारच्या बायका आहेत. ती परत यायच्या आत लिहून पुरं करायचं आहे.

तू लिहिलंस की बदनावरहून कॉल आला, एक मूल उकळत्या पाण्याने भाजलं होतं आणि डॉक्टरांची लाईन गुंतलेली होती. तू चावी टाकलीस, सांगितलंस आणि प्लग काढलास. ज्यांचं बोलणं तोडलंस ते गृहस्थ चिडून एक्स्चेंजवर आले, तुझ्या सुपरवायझरांनी त्यांना भिंतीवरचा नियम दाखवला, ते परत गेले. खाली तू लिहिलंस, “मला पंधरा सेकंद लागले. उमाशंकरजी सांगतात की लाईन साफ होती आणि तुझा आवाज स्पष्ट येत होता. तुला का जमलं नाही?”

तिकिटावर लाईन खराब असं लिहिलेलं आहे, हे खरं. ते मी लिहिलं. लाईन चांगली होती.

आता जसं झालं तसं सांगते.

२६ ऑगस्ट १९५३, बुधवार, दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं. टोंकखुर्दची झडप पडली. उमाशंकरजी म्हणाले, “अस्पताल दीजिए, जल्दी, मास्टरसाब को साँप ने काटा है, दवा और गाड़ी भिजवानी है.” दवाखान्यात फोन एकच. त्यावर बापूसाहेब मोठ्या डॉक्टरांशी बोलत होते. मी चावी टाकून ऐकलं. शिकारीची गोष्ट चालली होती. बोलणं मधोमध होतं आणि बापूसाहेब हसत होते.

बापूसाहेब कोण ते तुला ठाऊक आहे. दरबार गेला तरी त्यांचा शब्द गेला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी इंदूरच्या पोलिसांच्या ट्रंकसाठी मी त्यांचं बोलणं तोडलं होतं. नियमाने तोडलं होतं. ते स्वतः एक्स्चेंजवर आले, सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि आमच्या सुपरवायझरांनी, गणपतरावांनी, माझ्याकडून माफीचा कागद लिहून घेतला. परत असं झालं तर घरी बसावं लागेल असं सांगितलं. तुझं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं, म्हणून तुला कळवलं नाही. नोकरी गेली तर आईला घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहणार होते?

मी उमाशंकरजींना म्हटलं, “लाइन व्यस्त है, रुकिए.” तीन-सोळाला ते परत आले. मी तेच म्हटलं. तीन-बावीसला परत आले. तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. मी चावी टाकली, “साहेब” एवढं म्हटलं, आणि बापूसाहेब म्हणाले, “कोण मध्ये बोलतंय?” मी चावी मागे घेतली.

इतकं कुणालाही सांगता येईल. भीती होती म्हणता येईल, लोक समजूनही घेतील. मला जे सांगता येत नव्हतं ते याच्या पुढे आहे.

‘मास्टरसाब’ ऐकल्याबरोबर माझ्या मनात श्रीपादरावांचं नाव आलं होतं. पण त्याच आठवड्यात आलेल्या तुझ्या पत्रात होतं की बुधवारी ते परीक्षेच्या कामासाठी उज्जैनला जाणार. त्या शाळेत चार मास्तर. म्हणजे हा दुसरा कुणी असणार. असं मी मनाशी ठरवलं आणि मला, इंदू, सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या कुणाचा तरी नवरा आहे म्हणून मी थांबू शकले. उमाशंकरजींना मी नाव विचारलं नाही. एका शब्दाचं काम होतं, आणि मी ते मुद्दाम टाळलं.

तीन-एकतीसला परत झडप पडली. या वेळी पोस्टमास्तर नव्हते. तुमच्या शाळेचा शिपाई तुकाराम होता. त्याने रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला असावा. म्हणाला, “बेनजी, अपने श्रीपाद मास्टर हैं. आपके जमाईसाब.”

माझा हात कधी गेला ते मला कळलंही नाही. “लाईन सोडा” म्हणायलाही मी थांबले नाही. बापूसाहेबांचा प्लग ओढून काढला आणि टोंकखुर्द जोडून दिलं. डॉक्टरांनी एक मिनिट वाया घालवलं नाही, औषध घेऊन स्वतः जीपमध्ये बसले. बापूसाहेबांनी नंतर ब्रसुद्धा काढला नाही. त्यांना वाटलं, लाईन आपोआप तुटली.

एकोणीस मिनिटं. हात जात होता, इंदू. नाव कळल्यावर गेला ना? मग तो आधीही जाऊ शकत होता. दोन वर्षं मी याच ठिकाणी येऊन थांबते.

संध्याकाळी दिवेलागणीला बातमी आली. रस्त्यात नाल्याला पाणी होतं, जीप अडली, डॉक्टर पोचले तेव्हा श्रीपादरावांचं अंग अजून गरम होतं. मी डॉक्टरांना नंतर एकदा विचारलं, थोडं आधी निघाला असतात तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, नाल्याचं पाणी आधी कमी असतं की जास्त कुणी पाहिलं. त्यांना वाटलं मी बहिणीच्या दुःखाने विचारते आहे. त्याच दिवशी, तुझ्याकडे निघण्याआधी, मी तिकिटावर ‘लाईन खराब, ३-१२ ते ३-३१’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

तेराव्याला तू माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं तुला कळलं. तुला कळलं नव्हतं, तुझा नुसता संशय होता. हे मी ओळखलं आणि गप्प राहिले. तू धारला निघून गेलीस तेव्हा मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी घाबरले होते. बोर्डावर बसलीस की आज ना उद्या तुला कळणार, लाईन तोडता येते. म्हणून दोऱ्या, झडपा, याद्या, सगळं लिहिलं आणि तेवढंच टाळलं. दुसऱ्या पत्रात तर सरळ खोटं लिहिलं.

तू लिहिलं आहेस की त्या वेळी तू श्रीपादरावांच्या पायाला पट्टी आवळून धरून बसली होतीस आणि त्यांना सांगत होतीस, “घाबरू नका, बोर्डावर अक्काच आहे, गाडी निघालीसुद्धा असेल.” हे मला माहीत नव्हतं. तू कधी बोलली नव्हतीस. ती ओळ वाचल्यापासून माझ्याने बोर्डावर बसवेना.

गेल्या मंगळवारी मी गणपतरावांच्या टेबलावर लेखी निवेदन ठेवलं. तारीख, वेळ, खोटं तिकीट, सगळं. त्यांनी वाचलं, दार लावलं आणि म्हणाले, “बाई, दो साल हो गए. हे आता कशाला उकरता? यात माझंही नाव येईल.” मी म्हटलं, तुमच्या माफीच्या कागदाचंही लिहिलं आहे, कारण ते झालं होतं. त्यांनी तो कागद परत एकदा वाचला. मग निवेदनावर शिक्का मारून ते इंदूरला पाठवलं. बुधवारपासून मला बोर्डावर बसू देत नाहीत. चौकशी होईल. नोकरी बहुतेक जाईल.

तुला इंदूरहून बोलावणं आलं तर जा आणि तुला ठाऊक आहे तेवढं सगळं सांग. उमाशंकरजींनाही तसंच सांग. बहीण म्हणून काही राखून ठेवू नकोस. आईचं काय होणार, याचा विचार करून गप्प राहू नकोस. तो विचार मी एकदा केला, तेवढा पुरे आहे.

तुला माझ्याकडून बोर्डाचं शिकायचं होतं, तर एवढंच राहिलं आहे. घाईचा कॉल आला तर माणूस कोण ते विचारू नको. कुणाचा कोण आहे हे कळायच्या आत प्लग काढ. तू तसंच केलंस. म्हणजे हे तुला माझ्याआधी येत होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर ते ओझं मी घालणार नाही. उत्तर लिहिलंस तर वाचेन. नाही लिहिलंस तरी मला कळेल.

बायकांचा आवाज येतो आहे, आई उतरून आली वाटतं. तिला यातलं अजून काहीच ठाऊक नाही. मी घरी का बसते आहे म्हणून रोज विचारते. तिच्याआधी तुला कळायला हवं होतं. हे पत्र पेटीत टाकून येते आणि तिच्यासमोर बसते.

आज आशीर्वाद लिहवत नाही.

विनोदिनी