दगडावर आधीच कोरलेलं नाव

१४ ऑक्टोबर, गिरावीन
सासऱ्यांचा फोन. (सगळे चार्लीच म्हणतात, मीही.) ऑल सोल्सला, २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाला, त्याच्या वडिलांच्या कबरीवरची अक्षरं पुन्हा सोनेरी करायची म्हणे. आईचीसुद्धा. अरे, तुझी आई, आमची नॅना, जिवंत आहे! माझ्याबरोबर ब्लॅकटाउनला भाजी आणायला येते. पण ह्या माल्टाच्या लोकांची तऱ्हा. नवरा गेला तेव्हाच शेजारी नॅनाचं नाव कोरून टाकलं, खाली तारखेपुरती जागा सोडून.

१७ ऑक्टो.
नॅनाकडे दोघी शेंगा सोलत बसलो. तिचं डावं मनगट वाकडं. कोंबड्यांच्या शेडमध्ये पडली होती, असं लग्नापासून ऐकत आलेय. आज म्हणाली, "पडले नव्हते, ग्रेसी. त्याने हात पिरगळला. मला त्याच्याशेजारी ठेवू नका." 
 दर ख्रिसमसला त्याच माणसाच्या फोटोखाली आम्ही जेवतो.

१८ ऑक्टो.
पॉलला सांगितलं. नॅनाचा लाडका नातू, माझा नवरा. म्हणे, "लीव्ह इट, ग्रेस. नानूने खूप सोसलं. बोटीतून आला, शून्यातून सगळं उभं केलं." (नानू म्हणजे त्याचे आजोबा.) मग ती काय विमानाने आली? त्याच बोटीतून, तुझ्या बापाला कडेवर घेऊन. कोंबड्या तिने पाळल्या, अंडी तिने धुतली, वर मार खाल्ला. आणि उभं केलं कोणी? नानूने!
रागाच्या भरात भात करपला.

२६ ऑक्टो.
नॅनाने विचारलं, वसईत कसं पुरतात? म्हटलं, आमच्याकडे जोडीने नाही. जो जाईल त्याला रिकामी असेल ती जागा. "शहाणी माणसं," म्हणाली. खूप हसली.

२ नोव्हें.
सिमेट्रीत नॅना गाडीतून उतरेचना.
"मा, कम ऑन. डॅड आहे तो."
"चार्ली, तू दारात उभा होतास. त्याने हात मोडला तेव्हा."
चार्ली मेणबत्त्यांचं खोकं धरून तसाच.  नॅनाने काच वर केली. मेणबत्ती मीच लावली, दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीवर. त्याच्यासाठी हातच उचलेना.

३ नोव्हें.
अक्षरं सोनेरी करणाऱ्या कारागिराला उशीर झालाय, आता गुरुवारी येणार. चार्लीला फोन केला. "नॅनाच्या नावाचं काम रद्द केलंस का?"
"मी लहान होतो, ग्रेस."
मी हे विचारलंच नव्हतं. पण त्याने फोन ठेवला नाही, म्हणून मीही नाही.